वधूपक्षातली खाट

"फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर," एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि म्हातारी म्हणजे बहिरी असणारच, अशा हिशेबानं आवाज चढवून म्हणाले, "आजी, मांडीच्या हाडाची मान मोडलीय. खुब्यात. कशा पडलात?"

"जळमटं काढत होते," मी म्हटलं.

हे खोटं होतं. माझी साखर वाढते म्हणून सुनेनं शंकरपाळ्यांचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता आणि मी प्लास्टिकच्या स्टुलावर चढून तो काढत होते. डबा हाताला लागला आणि स्टूल पायाखालून गेलं. मनीषा, माझी सून, खाटेशेजारीच उभी होती. माझ्या वेणीत अडकलेला एक शंकरपाळा काढून तिनं पर्समध्ये टाकला.

हे मी त्यांच्यासाठी लिहितेय, ज्यांच्या घरात एखादं म्हातारं माणूस असं पडलंय किंवा उद्या पडणार आहे. ऑपरेशनला घाबरू नका. ऑपरेशन सोपं असतं. त्यानंतर काय, हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात अजून तरी कुणाकडे नाही.

माझं ऑपरेशन नाशिकमध्येच झालं. हेमिआर्थ्रोप्लास्टी. म्हणजे हाडाचा मोडलेला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवायचा. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम करून घेणारी मुलगी, वॉकर घेऊन आली आणि मला उभं केलं. मी तिला दोन-चार शिव्या दिल्या. तिनं त्या हसून घेतल्या आणि मला दारापर्यंत नेलं.

सुट्टी देताना डॉक्टर माझ्या मुलाला, संदीपला म्हणाले, "सांधा मी नवा दिलाय, पण स्नायू त्यांचेच आहेत. रोज चालवा. पडून राहिल्या तर मांडी वाळेल आणि मग त्या कायमच्या खाटेवर. या वयात ते फार पटकन होतं. आणि अजून काही आठवडे जिना नको."

पुढे माझ्या डोक्यात फक्त हीच दोन वाक्यं फिरत राहिली. रोज चालवा. जिना नको.

आमचं घर सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. संदीप ओझरला विमानांच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. मनीषा शाळेत. म्हणजे मला खालच्या खालीच कुठेतरी ठेवणं भाग होतं. संदीप रजा टाकून मोटरसायकलवर जिल्हा फिरला. निफाडकडे एक जागा मिळाली, कोल्ड स्टोरेजच्या वरच्या मजल्यावर. तिथेही जिनाच. वणीच्या अलीकडे गडावर जाणाऱ्या भाविकांसाठी बांधलेलं एक लॉज होतं. ते चाललं नाही म्हणून आता तिथे म्हातारे ठेवतात. सिन्नरच्या बाजूला एक अर्धवट बंगला होता, त्यात माणसांपेक्षा कुत्री धष्टपुष्ट होती. बोर्ड मात्र सगळीकडे झकास. माया, छाया, सावली, आधार. या शब्दांचा आमच्याकडे तुटवडा नाही.

"इथं तपासायला कोण येतं का?" असं संदीपनं एका ठिकाणी विचारलं.

"कशाला येतील?" मालक म्हणाला. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण होतं, टाके पडतात, साप चावलेला वाचतो. पण वाचलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पायावर उभं करायची जागा तालुक्यांत मला तरी कुणी दाखवली नाही. गावात घर मोठं असतं आणि घरात माणूस नसतं. शहरात माणसं असतात आणि मध्ये जिना असतो.

शेवटी दिंडोरीच्या पुढची एक जागा ठरली. तळमजला, सगळीकडे द्राक्षबागा, मोकळी हवा. संदीपनं फोटो दाखवले. त्याचा चेहरा इतका ओढलेला होता की त्यानं स्मशानाचे फोटो दाखवले असते तरी मी छान आहे म्हटलं असतं.

शिवाय मला ती बाई आठवली.

ती बाई म्हणजे चाळिशीतली मी. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, उंच टाचांच्या चपला, आणि आवाजाचा असा गर्व की विचारू नका. मालेगावच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्यानं तिच्या आवाजावर खूश होऊन एक्स्चेंजमध्ये कांद्याची गोणी पाठवली होती. ती बाई कित्येक दिवस त्या गोणीकडे प्रेमपत्रासारखी बघत होती. पुढे कळलं की त्यानं शेजारच्या बोर्डावरच्या कुसुमलाही एक पाठवली होती, आणि तिची मोठी होती.

तर ही बाई जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून व्याख्यान द्यायची, "म्हातारपणी मी कुणाच्या गळ्यात पडणार नाही. छानपैकी एखाद्या आश्रमात जाईन. झोपाळ्यावर बसून पुस्तकं वाचेन." तिच्या डोळ्यांसमोर झोपाळा होता, मोगरा होता, ट्रेमधून चहा आणणारी पांढऱ्या कपड्यातली नर्स होती. तिच्या म्हातारपणात कुणाला संडासला जावं लागत नव्हतं.

त्या बाईचा मान राखायचा म्हणून मी संदीपला म्हटलं, "मी आनंदानं जाते."

अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरले तेव्हा आधी कमान दिसली. ते पूर्वी मंगल कार्यालय होतं. हॉलमध्ये जेवणाच्या पंगती बसत तिथे आता खाटा होत्या. समोर नवरा-नवरीचं स्टेज तसंच होतं, मागचा लाल मखमली पडदाही तसाच. पुरुषांची खोली होती तिच्या दारावर रंगानं लिहिलेलं होतं, वरपक्ष. मला नेलं त्या खोलीवर, वधूपक्ष. सत्तरी ओलांडून मी पुन्हा वधूपक्षात आले. फरक एवढाच की या खेपेला पाठवणी कधी, ते कुणी सांगेना.

मला खाटेवर घेतलं आणि पांढरा कोट घातलेल्या बाईंनी मावशीला सांगितलं, "डायपर लावा."

"मला लागत नाही," मी म्हटलं. "मी वॉकर घेऊन जाते संडासला."

"सगळ्यांना लावतो आजी. रूल आहे."

"मी चालले नाही तर कायमची पडेन, डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि तुम्ही चालताना पडलात तर जबाबदारी कुणाची?"

माझा वॉकर ऑफिसात गेला आणि ऑफिसला कुलूप लागलं. कारण असं सांगितलं की वॉकर दिसला की पेशंट उठतात. त्या पांढऱ्या कोटवाल्या बाईंना सिस्टर म्हणायचं असा दंडक होता, पण सुई टोचताना त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त कापायचा.

दोष मावश्यांना देत नाही. दोघीच होत्या, पेठकडच्या पाड्यांवरून आलेल्या, आणि खाटा संपता संपत नव्हत्या. सकाळी एका टोकाकडून डायपर बदलत निघायच्या, त्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दुपार व्हायची. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. एक जण, सुमन, मला म्हणाली, "मी पहिल्यांदा म्हातारीला उचलली तवा माझीच कंबर गेली."

शेजारच्या खाटेवर हिराबाई होती. दिंडोरी तालुक्यातलीच. जन्मभर दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत काम केलेलं. पक्षाघातानं एक बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. लेक सुरतेकडे दिलेली होती. जावयानं इथे आणून ठेवलं आणि पुढे त्याचा फोन लागेनासा झाला.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "काय मोडलं?"

"खुबा."

"मी आले तवा धरून धरून चालत व्हते," ती म्हणाली. "काठी घेऊन. मंग यांनी निजवली. आता पाय हाये का नाय तेच कळत नाय."

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. मी पांघरुणाखाली माझी मांडी दाबून बघितली. ती मऊ लागत होती. त्या दिवसापासून मी पडल्या पडल्या पाय ताणायला लागले, फिजिओथेरपिस्ट मुलीनं शिकवलेले व्यायाम चोरून करायला लागले. पण पडून केलेले व्यायाम म्हणजे काठावर बसून पोहणं. उभं राहायला मिळेना.

मग पहिला रविवार आला.

सकाळपासून धावपळ. मला आंघोळ घातली, धुतलेलं लुगडं दिलं, केस विंचरले, तोंडाला पावडर लावली. ऑफिसातून वॉकर आला. सिस्टर स्वतः माझा दंड धरून मला हॉलमधून चालवत स्टेजपर्यंत घेऊन गेल्या. स्टेजवर खुर्च्या मांडल्या होत्या. ज्यांच्या ज्यांच्या घरून येणार होते, त्यांना तिथे ओळीनं बसवलं होतं, लाल पडद्यापुढे, रुखवत मांडावं तसं. मधल्या म्हाताऱ्याला तर टोपीही घातली होती.

संदीप आणि मनीषा आले. मी त्यांच्यासमोर चार पावलं टाकून दाखवली.

"आई, किती छान ठेवलंय तुला," संदीप म्हणाला आणि त्याचे डोळे भरले.

मी म्हटलं, "एरवी हे मला चालवत नाहीत रे."

मालक शेजारीच उभे होते. "आजी घाबरतात," ते हसून म्हणाले. "आम्ही उठा म्हणतो, त्या नको म्हणतात. वय असतं."

संदीपनं माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्याला त्यांचं खरं मानायचं होतं. मला त्याचा राग आला नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस चांगल्या बातमीवर लवकर विश्वास ठेवतो. ते गेले, वॉकर परत कुलपात गेला आणि मी वधूपक्षात.

हिराबाई खोलीतच होती. तिला स्टेजवर नेलेलं नव्हतं. तिचं कुणी येणार नव्हतं, म्हणून तिची आंघोळही नव्हती.

त्या दुपारी मला कळलं की या जागेचा सगळा कारभार एका गोष्टीवर चालतो. दर्शनी भागात मोठा बोर्ड होता: भेटीस येण्यापूर्वी फोन करणे बंधनकारक. फोन आला की त्या पेशंटची आंघोळ, त्याची चादर, त्याची खुर्ची, त्याचा वॉकर. फोन नाही तर काही नाही. आम्ही माणसं नव्हतो, आम्ही फोन आल्यावर लागणारे दिवे होतो.

आणि फोन ही माझ्या माहेरची गोष्ट.

माझा मोबाईल माझ्यापाशी होता. मी देवळाली कॅम्पला कुसुमला फोन लावला. हीच ती मोठ्या गोणीवाली. वय माझ्याएवढंच, गुडघे माझ्याहून वाईट.

"कुसुम, तुझा लँडलाईन चालू आहे का गं?"

"आहे की. का?"

"माझी नणंद हो. इथे फोन कर आणि सांग, उद्या वहिनीला भेटायला येतेय."

"तुझी नणंद वारली ना?"

"म्हणून तर तिला वेळ आहे."

कुसुम म्हणाली, "कुठली नणंद हवी? प्रेमळ का खाष्ट?"

"खाष्ट."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आंघोळ मिळाली आणि वॉकरही मिळाला. नणंद आली नाही. संध्याकाळी कुसुमनं फोन करून कळवलं की गाडी पंक्चर झाली, परवा येईन. परवा पुन्हा वॉकर. तिनं मग माझा एक दीर उभा केला, एक मावसबहीण, आणि लष्करातल्या कुणा मोठ्या साहेबाची बायको, जी आमच्या एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरच्या आवाजात बोलायची. एवढे नातेवाईक मला माझ्या लग्नातसुद्धा नव्हते. दिवसाआड मी स्टेजपर्यंत जाऊन यायला लागले. मांडीत थोडा जीव आला.

मग हिराबाईसाठी मी एक भाची पाठवली.

सिस्टरनी येऊन सांगितलं, "हिराबाई, तुमची भाची येतेय उद्या."

"मला भाऊ नाय, बहीण नाय, भाची कुठली?" हिराबाई म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होते. "बरं," ती म्हणाली. "येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी तिला न्हाऊ घातलं. स्टेजवर नेणं जमलं नाही, पण खुर्चीत बसवून दारापाशी ठेवलं. ती बाहेरच्या बागेकडे बघत बसली. भाची अर्थातच आली नाही. संध्याकाळी तिला परत निजवल्यावर ती हळूच म्हणाली, "फोनबाई, पुढच्या टायमाला जावई धाड. जावयाला हे लोक लय घाबरतात."

आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर बघायला आल्या.

हे काही दिवस छान चाललं. मग द्राक्षं तयार झाली.

आमच्याकडे खुडणी सुरू झाली की बाई माणूस मिळत नाही. बागेत काम भरपूर आणि दाम चांगला. एका सकाळी मावश्या आल्याच नाहीत. सुमन जाताना मला म्हणाली होती, "आजी, तिकडं पेट्या भरायच्या, बसून काम असतं आणि कुणी ओरडत नाय." मी तिला काय सांगणार होते?

खिडकीतून बाग दिसायची. ऊन लागू नये म्हणून प्रत्येक घडाला कागद गुंडाळलेला. हिराबाई मला समजावून सांगायची. घडाला हात लावायचा नाही, बोट लागलं तरी वरची धूळ, म्हणजे मण्यांवरची पांढरी झाक, जाते. देठाला धरायचं, कात्रीनं कापायचं, क्रेटमध्ये अलगद ठेवायचं. डाग पडला तर परदेशी जात नाही. हे ती सांगत असताना तिला कुशीवर वळवायला दोन दिवसांत कुणी आलेलं नव्हतं.

"आमाला बी देठ पायजे व्हता," ती म्हणाली.

खोलीत वास यायला लागला. मला वाटलं, डायपर असेल. हिराबाईला ताप होता. मी हाक मारली की सिस्टर म्हणायच्या, माणसं नाहीत, बघते. मी पुन्हा कुसुमला सांगून भाची पाठवली. पण आता ऑफिसातून उत्तर आलं, "तुम्ही येते म्हणता आणि येत नाही. आल्यावर बघू." माझ्या नणंदेचंही तेच झालं. एवढे नातेवाईक फोन करतात आणि एकही उगवत नाही, याची त्या लोकांना सवय होती. खऱ्या नातेवाईकांनीच ती लावली होती. माझा वॉकर बंद झाला. मांडी पुन्हा मऊ पडायला लागली.

मी कुसुमला म्हटलं, "आता खरंच कुणीतरी यायला हवं."

"संदीपला सांग ना."

"सांगितलं. तो रविवारी येतो म्हणाला. आणि येण्याआधी फोन करणार, कारण बोर्डावर तसं लिहिलंय."

"मी येते," कुसुम म्हणाली. "फोन न करता."

ती आली. देवळाली कॅम्पहून बसनं नाशिक, तिथून दुसऱ्या बसनं दिंडोरी, पुढे रिक्षा. गुडघ्याला पट्टा, हातात पिशवी. गेटवर तिला अडवलं, "फोन केला होता का?" ती म्हणाली, "मी हिराबाईची भाची." तिचे केस हिराबाईपेक्षा पांढरे होते. त्या माणसानं मुकाट्यानं दार उघडलं.

ती खोलीत आली, माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ हिराबाईच्या खाटेपाशी गेली आणि म्हणाली, "मावशी, कुशीवर वळवते." सिस्टर धावत आल्या. "पेशंटला हलवू नका," म्हणाल्या.

कुसुमनं चादर उचलली.

प्रेशर सोअर म्हणतात त्याला. एकाच जागी पडून राहिलं की हाडावरची कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मांस कुजतं. पाठीच्या खाली, माकडहाडावर. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हाडापर्यंत गेलेलं होतं. मी तिच्याशेजारी झोपत होते, हसत होते, तिच्यासाठी जावई शोधत होते, आणि दोन हातांवर हे होतं. आम्हाला दोघींनाही खुर्चीत बसवून पावडर लावलेली होती. त्या खुर्चीनं ते झाकलं.

मग कुसुम माझ्याकडे वळली. "तू पण वळ."

माझ्याही टाचेवर एक लाल चकती होती आणि कमरेखाली रुपयाएवढा काळसर डाग. मला ते माहीत नव्हतं. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

कुसुम आयुष्यात कधी ओरडली नाही. ऑपरेटर ओरडत नाहीत. ती मालकांपुढे उभी राहून एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाली, "अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. मी लाईनवर आहे." आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिथून हलली नाही. हिराबाईला सिव्हिलला नेलं. नातेवाईक कोण, असं तिथे विचारलं तेव्हा कुसुमनं भाची म्हणून आपला नंबर दिला.

निघताना स्ट्रेचरवरून हिराबाई मला म्हणाली, "भाची लय म्हातारी हाये वं."

कुसुमनं फोन केला तसा संदीप त्याच संध्याकाळी आला. मी त्याला टाच दाखवली. तो खाली बसला आणि टाचेकडे बघत राहिला. मी म्हटलं, "घरी ने. आत्ता."

"पण जिना, आई."

आमच्या बिल्डिंगच्या खाली गाडी थांबली. पहिल्या मजल्यावरचे दोघं, वॉचमन आणि संदीप यांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली. जिना चढायला मला एक पाऊलही टाकावं लागलं नाही. वर पोचेपर्यंत चहा उकळलाही नव्हता.

हे मुद्दाम लिहिते. ही खुर्ची पहिल्या दिवशीही घरात होती. ही चार माणसंही होती. डॉक्टर जिना नको म्हणाले, आणि आम्ही शिकलेली माणसं, कुणाला कसं सांगायचं, कुणावर भार कसा टाकायचा, म्हणत जिल्हाभर सावली शोधत फिरलो.

मनीषानं पहाटे उठून मला चालवायला सुरुवात केली. आधी खोलीत, मग गॅलरीत. दुपारी समोरच्या फ्लॅटमधली बाई येऊन दार ते खिडकी फेऱ्या मारून घ्यायची. कमरेखालचा डाग भरून आला. तपासायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अजून थोडे दिवस पडून राहिला असतात तर मी काही करू शकलो नसतो. तुम्ही नशीबवान आहात." नशिबाचं नाव कुसुम आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत फार गर्दी होती.

हिराबाई सिव्हिलमध्ये होती तोवर कुसुम दोनदा भेटून आली. सेप्सिस झालं होतं, म्हणजे जखमेतलं विष रक्तात उतरलं होतं. डॉक्टर कुसुमला म्हणाले, "आधी आणायला हवं होतं." हे वाक्य भाचीनं ऐकून घेतलं. आणखी कुणी नव्हतंच ते ऐकायला.

मग एका दुपारी कुसुमचा लँडलाईन वाजला. तिकडून विचारलं, हिराबाईंची भाची का? त्या गेल्या.

कुसुमनं मला सांगितलं, "मी सवयीनं म्हटलं, थँक यू, आणि फोन ठेवला. मग माझ्या लक्षात आलं की मला रडायचंय."

ते मंगल कार्यालय अजून चालू आहे. संदीपनं तक्रार केली. ती कुठल्या खात्याची, यावरच अजून चर्चा चाललीय. बोर्ड नवीन रंगवलाय म्हणतात.

कुणाचे आभार मानून असं लिखाण संपवायची पद्धत आहे. मी मनीषाची आभारी आहे, त्या शंकरपाळ्यासकट. खुर्ची उचलणाऱ्या चौघांची आहे. त्या चाळिशीतल्या बाईची मात्र नाही. ती भेटली तर तिला त्या स्टेजवर पावडर लावून बसवीन आणि म्हणेन, घे, हा तुझा झोपाळा.

तुमचं माणूस कुठे ठेवलं असेल तर एवढं करा. फोन न करता जा. पावडर लावलेल्या तोंडाकडे बघू नका. चादर उचला, टाचा बघा, माकडहाड बघा. वॉकर कुठे आहे ते विचारा. तुम्हाला लाज वाटेल, ते रागावतील. वाटू द्या, रागावू द्या.

मी आता काठी घेऊन चालते. महिन्यातून एकदा कुसुम आणि मी बसनं निघतो. कधी निफाड, कधी सिन्नर. फोन करत नाही. विचारलं तर सांगतो, भाची आहे. कुणाची, ते आत गेल्यावर ठरवतो.

मागच्या खेपेला वणीच्या अलीकडच्या त्या लॉजमध्ये गेलो. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. कुसुमनं तिची चादर उचलली तशी ती वळली, डोळे बारीक करून कुसुमकडे बघत राहिली.

"आत्ता आलीस का?" ती म्हणाली. "किती वाट बघायची माणसानं?"

कुसुमला कुणी बोललेलं खपत नाही. एक्स्चेंजमध्ये साहेबालाही ती उलटून बोलायची. मी बघत होते, आता काय म्हणते.

"चुकलं माझं," कुसुम म्हणाली, आणि तिचा पाय मांडीवर घेऊन टाच बघायला लागली.